धुराचा रोग : जुनाट श्वासरोधाची ओळख आणि त्याची व्यवस्था

शेतकीच्या मासिकांत छातीच्या रोगाचें प्रकरण कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. बियाणें, खत, पाणी, कीड व बाजारभाव हे आपले नित्याचे विषय होत. परंतु औत चालविणाराचा दमच खुंटला, तर उत्तम बियाणें आणि पाटाचें पाणी हीं घरीं असून नसल्यासारखींच. शिवाय ज्या रोगाविषयीं हा लेख आहे, त्याचीं मुख्य कारणें आपल्या चुलीपाशीं, खळ्यावर आणि विडीच्या बंडलांत आहेत. तेव्हां त्याचा विचार शेतकऱ्याच्या मासिकांत व्हावा हें योग्यच आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां घरची जमीन पाहणारा असा तो एक साधा गृहस्थ आहे. घरांत हा रोग आला, त्यामुळें डॉक्टरांस वारंवार विचारून व मिळेल तें वाचून जें समजलें, तेंच येथें क्रमानें मांडलें आहे. औषध मात्र प्रत्येकानें आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें, हें आरंभींच सांगून ठेवितों.

१. रोगाचें नांव व व्याप्ति

डॉक्टर लोक या रोगास सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपल्या भाषेंत त्यास जुनाट श्वासरोध म्हणतां येईल. खेड्यापाड्यांत मात्र त्याला स्वतंत्र नांव नाहीं. कोणी त्यास दमा म्हणतो, कोणी जुनी खोकली म्हणतो, आणि पुष्कळ जण तर "वय झालें" एवढेंच म्हणून मोकळे होतात. नांव नसल्यामुळें रोगाची नोंद होत नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणून उपायहि होत नाहीं. सातबाऱ्यावर पीक चढलें नाहीं तर नुकसानभरपाई कोठून मिळणार, तसाच हा प्रकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३५ लक्ष माणसें या रोगानें दगावलीं. भारतांत १९९० सालीं अशा रोग्यांची संख्या सुमारें २ कोटि ८१ लक्ष होती, ती २०१६ सालीं ५ कोटि ५३ लक्षांवर गेली, असा अंदाज २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. या वाढींत लोकसंख्या वाढल्याचा व माणसें अधिक वर्षें जगूं लागल्याचा भाग मोठा आहे, हें खरें. तरी दर गांवांत, किंबहुना दर आळींत एखादा तरी असा रोगी असावा, इतका हा रोग आपल्याजवळ आलेला आहे.

२. फुप्फुसाची रचना आणि बिघाड

रोग समजण्यासाठीं आधीं फुप्फुसाची रचना समजली पाहिजे. उसाच्या मळ्यांत पाणी पाटांतून चारींत, चारींतून सरींत आणि सरींतून मुळाशीं जातें. त्याचप्रमाणें नाकानें घेतलेली हवा मोठ्या श्वासनळींतून दोन फांट्यांत, त्यांतून लहान लहान नळ्यांत, अशी वीसबावीस वेळां फांटे फुटत शेवटीं सूक्ष्म फुग्यांत पोंचते. या फुग्यांस वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस कोटि किंवा त्याहूनहि अधिक असतात. हे सर्व उलगडून जमिनीवर पसरले, तर त्यांचें क्षेत्र सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या जवळपास भरेल. याच पाऊण गुंठ्यावर माणसाच्या प्राणवायूचें सगळें पीक येतें.

धुरानें व धुळीनें येथें दोन प्रकारची नासाडी होते. पहिली, नळ्यांच्या आंतील अस्तरास कायमची सूज येते, कफ अधिक सुटतो आणि वाट अरुंद होते. चारींत गाळ व गवत माजावें तसें. दुसरी, वायुकोशांच्या मधले पातळ पडदे नाहींसे होऊन लहान लहान फुग्यांच्या जागीं मोठ्या पोकळ्या होतात. बांध फुटून वाफे एक झाले म्हणजे पाणी धरत नाहीं, तद्वत् या पोकळ्यांतून प्राणवायु रक्तांत नीट उतरत नाहीं. कोणास पहिला बिघाड अधिक असतो, कोणास दुसरा. बहुतेकांस थोडे थोडे दोन्ही असतात.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. या रोग्याला हवा आंत घेण्यापेक्षां बाहेर सोडणें अधिक जड जातें. अरुंद व सैल झालेल्या नळ्या श्वास सोडतांना मिटतात आणि शिळी हवा आंतच कोंडते. कणगी आधींच भरलेली असली तर नवें धान्य ओतावें कोठें? म्हणून रोगी "हवा पुरत नाहीं" अशी तक्रार करतो. वस्तुतः त्याची छाती जुन्या हवेनें भरलेली असते. पुढें पुढें छातीचा आकार पिंपासारखा गोल दिसूं लागतो, त्याचें कारण हेंच.

३. कारणें

पहिलें कारण तंबाखूचा धूर. विडी, सिगारेट, चिलीम, हुक्का हे सर्व त्यांतच आले. विडींत तंबाखू थोडी म्हणून ती कमी वाईट, अशी समजूत आहे. ती चुकीची होय. टेंभुर्णीच्या पानाची विडी लवकर विझते, म्हणून ती जोरानें व पुनःपुन्हां ओढावी लागते, आणि धूर खोल जातो.

दुसरें कारण चुलीचा धूर. लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाटी, तुऱ्हाटी, उसाचें पाचट यांच्या धुरांत जे अतिसूक्ष्म कण असतात, ते नाकांतील केसांना व घशाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा आढावा घेऊन दाखविलें कीं, या रोगाच्या रोग्यांपैकीं पाव ते जवळजवळ निम्मे लोक असे असतात, कीं ज्यांनीं आयुष्यांत कधींच धूम्रपान केलेलें नसतें. ज्या देशांत चुली पेटतात, तेथें अशा रोग्यांत घरधनिणींचा भरणा मोठा असणार, हें सांगावयास नकोच.

तिसरें कारण धंद्यांतील धूळ व धूर : मळणी, धान्य चाळणें, कापूस पिंजणें, दगडाच्या खाणी व खडीयंत्रें, गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशीं जाळ घालणें. चौथें, शहरांतील दूषित हवा. याखेरीज लहानपणीं वारंवार झालेला न्यूमोनिया, जन्मतः कमी वजन व पूर्वीं झालेला क्षयरोग यांमुळेंहि फुप्फुसें दुबळीं राहून पुढें हा रोग जडतो. कित्येक माणसांत यांतलीं दोनतीन कारणें एकत्र असतात.

४. लक्षणें

हा रोग बहुधा चाळिशीनंतर प्रकट होतो. सकाळचा खोकला, पांढरट बेडका आणि चढ चढतांना किंवा ओझें उचलतांना लागणारी धाप, हीं पहिलीं तीन चिन्हें. परंतु तो इतक्या हळूहळू येतो कीं, रोगी आपल्या नकळत आपलें काम आंखडतो. माझ्या थोरल्या वहिनींचें उदाहरण येथें देतों.

आमचें एकत्र कुटुंब. मी नोकरीनिमित्त तालुक्याच्या गांवीं असे, बंधु शेती पाहत, आणि घरचा सारा स्वयंपाक छत्तीस वर्षें वहिनींनीं केला. चूल भिंतीशीं, झरोका एकच, आणि पावसाळ्यांत लाकडें ओलीं. आम्ही सुट्टींत घरीं जाऊन त्यांच्या हातच्या भाकरीची वाखाणणी करीत असूं. पुढें त्यांनीं विहिरीवरून पाणी आणणें सोडलें, तेव्हां आम्हीं म्हटलें कीं सून आली, आतां कशाला आणतील. मग त्यांनीं मळ्यांत जाणें सोडलें, तेव्हां म्हटलें अंग जड झालें. पुढें शेजारच्या आळींतील लग्नासहि त्या गेल्या नाहींत, तेव्हां बंधु म्हणाले, "तिला आतां माणसांत मिसळणें आवडत नाहीं." खरें असें होतें कीं, तेवढें अंतर चालून गेल्यावर चारचौघींत बोलावयास त्यांना दम उरत नसे, आणि त्याची त्यांना लाज वाटे. नऊदहा वर्षें हें चाललें. हिशेब ठेवण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्याहि ध्यानांत तें आलें नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति कीं, घरांतील माणूस काय करूं शकतो एवढेंच न पाहतां, त्यानें गेल्या दोन वर्षांत काय काय करणें सोडलें, हें पाहावें. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागें पडणें, शंभरएक पावलांवर थांबणें, अंघोळ करतांना व लुगडें नेसतांना धाप लागणें, या क्रमानें रोग पुढें सरकतो.

दम्याहून याचा भेद असा. दमा बहुधा लहानपणीं किंवा तरुणपणीं सुरू होतो, झटक्याझटक्यानें येतो आणि मधल्या काळांत माणूस जवळजवळ पूर्ववत् असतो. श्वासरोध उतारवयांत येतो, रोजचा असतो आणि वर्षागणिक वाढतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बेडक्यांत रक्त दिसलें, संध्याकाळीं ताप येऊं लागला किंवा वजन उतरूं लागलें, तर क्षयासाठीं बेडका तपासून घेणें अवश्य आहे. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते.

५. परीक्षा : नजरअंदाज नव्हे, कापणी प्रयोग

पिकाची पैसेवारी ठरवितांना नुसत्या नजरअंदाजावर विसंबल्यास काय घोटाळे होतात, हें आपण सर्व जाणतों. म्हणून ठरीव मापाचा तुकडा आंखून, कापून, मळून, वजन करण्याचा कापणी प्रयोग करावा लागतो. छातीच्या बाबतींतहि तसेंच आहे. नुसत्या नळीनें छाती ऐकून किंवा क्ष-किरणांचें चित्र पाहून हा रोग आरंभीं कळत नाहीं. त्याचा कापणी प्रयोग म्हणजे श्वासमापन होय. त्यासाठीं लागणारें स्पायरोमीटर हें यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरानें १८४६ सालीं प्रसिद्ध केलें. हल्लीं त्याचें रूप हातांत मावेल एवढें लहान झालें आहे.

रीति सोपी आहे. प्रथम नळ्या उघडणारें औषध हुंगावयास देतात व कांहीं मिनिटें थांबतात. मग छाती पूर्ण भरून, नळी ओठांत घट्ट धरून, जितक्या जोरानें होईल तितक्या जोरानें, आंतील हवा संपेपर्यंत फुंकावयाचें. यंत्र दोन आंकडे देतें : एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यांपैकीं पहिल्या एका सेकंदांत किती आली. एकूण ३ लिटर हवा आली आणि पहिल्या सेकंदांत २.४ लिटर आली, तर प्रमाण शेंकडा ८० झालें. वाट मोकळी आहे. तेच पहिल्या सेकंदांत दीडच लिटर आली, तर प्रमाण शेंकडा ५० झालें. हें प्रमाण शेंकडा ७० हून कमी असेल, तर नळ्यांत अडथळा आहे असें समजतात.

अडथळा ठरल्यावर त्याची प्रत ठरवितात. त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसानें पहिल्या सेकंदांत जेवढी हवा सोडावी, तिच्या मानानें रोग्याची हवा शेंकडा ८० किंवा अधिक असल्यास रोग सौम्य, ५० ते ७९ असल्यास मध्यम, ३० ते ४९ असल्यास तीव्र आणि ३० च्या खालीं असल्यास अतितीव्र. ही फुप्फुसांची पैसेवारीच म्हणावयाची.

वहिनींची पैसेवारी ४४ आली. त्याच दिवशीं डॉक्टरांनीं मलाहि फुंकावयास सांगितलें, कारण कचेरींत वीस वर्षें मीं विड्या ओढल्या होत्या. माझी ७१ आली. माझ्याहि नळ्यांत अडथळा निघालाच, पण पुष्कळ कमी. ज्यानें हौसेनें धूर ओढला तो बरा राहिला, आणि जिनें आम्हां सर्वांना जेवूं घालण्यासाठीं तो सोसला तिची पैसेवारी पन्नासांच्या खालीं गेली, हें त्या कागदावर पाहून मला जें वाटलें, तें येथें लिहीत नाहीं. विडी मात्र त्या दिवसापासून सोडली.

६. रोग बरा होतो काय ?

याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, गेलेली फुप्फुसें परत येत नाहींत. वाहून गेलेली माती जशी पुन्हां शेतांत येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. परंतु बांध घालून उरलेली माती राखतां येते, आणि राखलेल्या मातींत चांगलें पीकहि घेतां येतें.

तिशीनंतर प्रत्येक माणसाची पहिल्या सेकंदाची हवा दरसाल सुमारें २५ ते ३० मिलिलिटरनें कमी होत जाते. धूर ज्याला बाधतो, त्याची ही घट दुपटीनें किंवा त्याहून अधिक होते. चार्ल्स फ्लेचर व रिचर्ड पेटो यांनीं लंडनमधील ७९२ पुरुषांचें आठ वर्षें श्वासमापन करून १९७७ सालीं असें दाखविलें कीं, धूम्रपान सोडलें म्हणजे गेलेलें परत येत नसलें, तरी पुढील घट जवळजवळ निरोगी माणसाइतकी मंद होते. म्हणजे विडी सोडण्यास उशीर झाला असें कधींच होत नाहीं. मात्र जितका उशीर, तितकी राखण्याजोगी माती कमी.

सोडण्याचा निश्चय टिकत नसेल, तर त्यांत कमीपणा मानूं नये. तंबाखूंतील निकोटिनाची तलफ हा शरीराचा व्यवहार आहे. त्यासाठीं निकोटिनाचा च्युइंगगम व औषधें डॉक्टर देतात, आणि १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. एक दिवस ठरवून पूर्ण सोडणें, घरांत विडी व आगपेटी न ठेवणें, आणि पहिले दोनतीन आठवडे विडी ओढणाऱ्या मंडळींत बसणें टाळणें, हे उपाय मला उपयोगी पडले.

७. औषधें

या रोगाचें मुख्य औषध हुंगण्याचें असतें. लोकांत त्यास पंप म्हणतात, आणि पंपाची सवय लागते अशी भीति घरोघर आहे. येथें साधा हिशेब करून पाहावा. सालब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाच्या एका दाबांत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळीसावा भाग असतो. गोळी पोटांतून सर्व अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचें औषध जेथें हवें तेथेंच पडतें. फवारणीचें औषध पानावर मारावयाचें कीं सगळ्या शिवारांत ओतावयाचें, एवढाच हा प्रश्न आहे.

औषधें दोन जातींचीं. एक, धाप लागतांच तात्पुरता आराम देणारें. दुसरें, टायोट्रोपियम किंवा फॉर्मोटेरॉल यांसारखें दीर्घकाळ टिकणारें, तें धाप असो वा नसो, रोज ठरल्या वेळीं घ्यावयाचें. कांहीं रोग्यांस त्यांत हुंगण्याच्या स्टेरॉइडची जोड देतात. तसें असल्यास औषध घेतल्यावर चूळ भरून टाकावी, नाहींतर तोंडांत बुरशी धरते. बरें वाटूं लागलें म्हणून रोजचें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

औषध चुकीच्या रीतीनें घेतल्यास पैसा व्यर्थ जातो. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी, सावकाश श्वास घेऊं लागतांच एकदांच दाबावें, छाती भरल्यावर दहा आंकडे मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा दाब अर्ध्याएक मिनिटानें घ्यावा. हाताची व श्वासाची वेळ जुळत नसेल, तर स्पेसर नांवाची प्लॅस्टिकची पोकळ नळी मिळते, ती जोडावी. भुकटीच्या औषधाची कुपी यंत्रांत घालून जोरानें व खोल ओढावयाची असते. ही कुपी पाण्याबरोबर गिळणारे रोगी असतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

एक इशारा. सुई टोंचली कीं तासाभरांत मोकळें वाटतें, म्हणून कित्येक जण दर पंधरवड्यास स्टेरॉइडची सुई घेत राहतात. रोग बळावला असतां पांच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टर देतात, तें योग्यच आहे. पण वर्षानुवर्षें अशा सुया घेतल्यानें मधुमेह होतो, हाडें ठिसूळ होतात, स्नायु गळतात. काय टोंचलें, हें विचारण्याचा रोग्याला हक्क आहे.

इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें घ्यावी. या रोग्यांस साध्या पडशाचेंहि मोठें दुखणें होतें, आणि अशा प्रत्येक दुखण्यांत फुप्फुसांचा थोडा भाग कायमचा जातो.

घरीं प्राणवायु देण्याची गरज थोड्याच रोग्यांस असते. रक्तांतील प्राणवायु विश्रांतींतहि शेंकडा ८८ किंवा त्याखालीं राहत असेल, तर दिवसांतून किमान १५ तास प्राणवायु दिल्यानें आयुष्य वाढतें, हें अमेरिकेंत व इंग्लंडांत झालेल्या, १९८० व १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचण्यांवरून ठरलें. पण तो डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानेंच द्यावा. या रोग्यांस जास्त प्राणवायूहि अपाय करितो. प्राणवायु चालू असतां जवळ चूल, दिवा अगर विडी मुळींच असूं नये.

८. रोग्याचा दिनक्रम

धाप लागते म्हणून रोगी बसून राहतो. बसल्यानें पायांचे स्नायु गळतात. गळलेल्या स्नायूंस तेंच काम करण्यास अधिक हवा लागते. मग धाप आणखी वाढते. हें चक्र मोडण्यास चालण्यासारखा उपाय नाहीं. आरंभीं पांच मिनिटें सपाटीवर, बोलतां येईल एवढ्याच वेगानें चालावें, आणि दर आठवड्यास थोडें वाढवीत वीस ते तीस मिनिटांपर्यंत न्यावें. थोडी धाप लागेल, त्यास भिऊं नये.

धाप लागली असतां बसून, पुढें झुकून, कोपरें मांड्यांवर टेंकावीं. दोन आंकडे मोजीत नाकानें श्वास घ्यावा. ऊन दूध फुंकतांना ओठ करतों तसे ओठ करून चार आंकडे मोजीत हळूहळू सोडावा. यानें नळ्या मिटत नाहींत आणि कोंडलेली शिळी हवा बाहेर पडते. ओझें उचलतांना, चढतांना श्वास रोखूं नये. सोडीत सोडीत जोर करावा.

जेवण थोडें थोडें, चारपांच वेळां घ्यावें. तडस लागेपर्यंत जेवल्यास छातीला जागा उरत नाहीं. वजन उतरत असेल तर दूध, डाळी, अंडीं, शेंगदाणे यांचें प्रमाण वाढवावें.

बेडक्याचा रंग पिवळा अगर हिरवा झाला, तो वाढला किंवा धाप नेहमींपेक्षां अधिक लागूं लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. एक वाक्य पुरें बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, रोगी गुंगींत जात असेल किंवा भलतें बोलत असेल, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

९. घर व शेत यांची व्यवस्था

औषध रोग्याला, परंतु धुराचा बंदोबस्त साऱ्या घराला उपयोगी. चीनमधील युन्नान प्रांतांत श्युआनवेइ या भागांत लोक धुराडें नसलेल्या चुलींत कोळसा जाळीत. पुढें पुष्कळांनीं धुराड्याच्या चुली बसविल्या. १९७६ ते १९९२ पर्यंतच्या वीस हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्यावर असें दिसलें कीं, धुराडें बसविलेल्या घरांत या रोगाचा धोका पुरुषांत शेंकडा ४२ नें व स्त्रियांत शेंकडा २५ नें कमी झाला. हा फायदा निर्विवाद दिसावयास मात्र सुमारें दहा वर्षें लागलीं. फळबाग लावणाऱ्या शेतकऱ्यास दहा वर्षें थांबण्याचें नवल वाटूं नये.

आपल्याकडे मे २०१६ मध्यें उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरीं गॅस आला. पण सिलिंडर महाग म्हणून चहापुरता गॅस, आणि भाकरी, डाळ, अंघोळीचें पाणी चुलीवर, असें घरोघर चालतें. तेव्हां निदान पुढील गोष्टी कराव्या :

(१) अंघोळीचें पाणी स्वयंपाकघराबाहेर, उघड्यावर तापवावें किंवा सूर्याच्या उष्णतेवर तापणारा बंब बसवावा.
(२) चुलीस धुराडें बसवावें, तें छपराच्या वर काढावें, व त्यांतील काजळी वेळोवेळीं काढावी.
(३) पावसाळ्यापूर्वीं जळण वाळवून झांकून ठेवावें. ओल्या लाकडाचा धूर पुष्कळ अधिक. प्लॅस्टिक चुलींत कधींहि घालूं नये.
(४) डाळ, कडधान्यें आधीं भिजत घालावीं व झांकण ठेवून शिजवावीं. जळणहि वांचतें आणि धूरहि.
(५) लहान मूल, गरोदर स्त्री व रोगी यांस चुलीजवळ बसवूं नये.

शेतांत : मळणीच्या वेळीं वाऱ्याकडे पाठ करून, धूळ पुढें जाईल असें उभें राहावें. तोंडाला बांधलेला पंचा जाड धूळ अडवितो, बारीक अडवीत नाहीं; एन-९५ जातीचा मुखवटा थोड्या पैशांत मिळतो, तो घट्ट बसवून वापरावा. बुरसटलेला कडबा व दमट धान्य बंद खोलींत हालवूं नये. त्यांतील बुरशीनें फुप्फुसांचा निराळाच एक रोग होतो. उसाचें पाचट जाळण्याऐवजीं सरींत आच्छादन करावें. ओल टिकते, तण दबतें, कुजून खत होतें आणि शेजाऱ्याच्या छातींत धूर जात नाहीं.

१०. समारोप

आमच्या घरीं या गोष्टी झाल्या, त्या सुखासुखीं झाल्या नाहींत. चूल बंद करण्यास पहिला विरोध खुद्द वहिनींचाच होता. "गॅसवरची भाकरी यांना गोड लागत नाहीं," असें त्या म्हणत. शेवटीं बंधूंनींच पुतण्यास सांगून स्वयंपाकघराची भिंत फोडून खिडकी पाडली, बाहेर पत्र्याखालीं धुराड्याची चूल घातली, आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर आणला. सिलिंडरचा वाढलेला खर्च जड वाटला, हें नाकारीत नाहीं. परंतु त्याआधींच्या एका हिवाळ्यांत दवाखान्यास जें बिल भरलें होतें, त्यांत दोन वर्षांचे सिलिंडर आले असते, हा हिशेब मीं कागदावर मांडून दाखविला, तेव्हां वाद मिटला.

वहिनींचा आंकडा ४४ चा ४३ झाला आहे. वाढला नाहीं आणि वाढणारहि नाहीं. पण त्या रोज सकाळीं विहिरीपर्यंत चालून येतात, आणि गेले दोन हिवाळे त्यांना दवाखान्यांत ठेवावें लागलें नाहीं. मागील वैशाखांत शेजारच्या आळींतील लग्नास त्या गेल्या. वाटेंत दोनदां थांबल्या, पण गेल्या.

घरांतील सूनबाई आतां तिशीच्या आहेत. त्यांचा आंकडा शंभराच्या आसपास आहे. वहिनींचें जें गेलें तें आम्हांस भरून देतां येणार नाहीं. सूनबाईंचें मात्र राखतां येईल. वाचकांनीं आज संध्याकाळीं स्वयंपाकाच्या वेळीं आपल्या घरच्या चुलीपाशीं दहा मिनिटें बसून पाहावें, आणि तेथें रोज तीन तास कोण बसतें, याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंति करून हा लेख पुरा करितों.